रक्त निर्दोष, तरी तीन महिन्यांची मुदत

पुण्यातल्या एखाद्या कुटुंबाचे नोकरीनिमित्त जर्मनीस जावयाचे ठरले, म्हणजे घरातल्या माणसांची पारपत्रे, व्हिसा, विमानाची तिकिटे ही सारी व्यवस्था बहुधा काही आठवड्यांत मार्गी लागते. परंतु त्याच घरात लहानाचा मोठा झालेल्या, दर वर्षी न चुकता लस टोचलेल्या आणि गळ्यात पट्टा असल्यावाचून कधी उंबरठ्याबाहेर न पडलेल्या कुत्र्यास मात्र चार-चार महिने खोळंबून राहावे लागते. लस दिलेली असते, तिचा गुण आला आहे हे रक्ताच्या तपासणीने सिद्ध झालेले असते, तपासणीचा कागद हाती असतो, आणि तरीही रक्त काढल्या दिवसापासून पुरते तीन महिने उलटल्याखेरीज युरोपीय संघाच्या हद्दीत त्यास प्रवेश मिळत नाही. रक्त जर निर्दोष ठरले, तर मग आणखी वाट कशाची पाहावयाची, असा प्रश्न अशा वेळी घरोघर विचारला जातो, आणि दफ्तरदारांच्या अडवणुकीच्या सदरात ही मुदत जमा करून लोक चरफडत राहतात. माझे मत निराळे आहे. या एका मुदतीत रेबीजच्या विषाणूचा सारा स्वभाव सामावलेला आहे, आणि तो स्वभाव ज्याने एकदा समजून घेतला, त्याच्या हातून या कागदपत्रांत चूक होण्याचा संभव फार थोडा राहतो.

विषाणूची गुप्त वाट

रेबीज झालेल्या जनावराने चावा घेतला, की त्याच्या लाळेतला विषाणू जखमेवाटे स्नायूंत शिरतो. अन्य कित्येक रोगांचे जंतू रक्तप्रवाहात मिसळून शरीरभर पसरतात आणि म्हणून रक्ताच्या तपासणीत सापडतात. हा विषाणू मात्र रक्ताची वाट टाळून मज्जातंतूंच्या टोकांतून आत घुसतो, आणि तंतूंच्या आतल्या आत, शरीराच्या रोगप्रतिकारक पहाऱ्याच्या नजरेआड, पृष्ठरज्जूकडे आणि तेथून मेंदूकडे सरकत राहतो. मेंदूत पोहोचल्यावर तो झपाट्याने वाढतो, मग पुन्हा तंतूंच्या वाटेने लाळग्रंथींत उतरतो, आणि तेव्हा कुठे ते जनावर दुसऱ्यास रोग देण्याच्या अवस्थेस येते. चावा पायास झाला की तोंडास, विषाणू किती प्रमाणात आत गेला, यांवर या प्रवासाचा काळ अवलंबून असल्यामुळे तो कधी काही आठवड्यांचा असतो, कधी तीन महिन्यांचा, आणि क्वचित प्रसंगी सहा महिन्यांहूनही अधिक भरतो. या सबंध अवधीत कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो. त्याच्या अंगात रोग दडला आहे हे सांगू शकेल अशी कोणतीही भरवशाची चाचणी जिवंत जनावरावर करता येत नाही. निश्चित निदान होते ते मृत्यूनंतर, मेंदूच्या तपासणीतून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे 59,000 माणसे या रोगाने दगावतात आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक भारतात. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. ज्या देशांनी मोठ्या कष्टाने तो आपल्या भूमीतून हुसकून लावला, त्यांनी आलेल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराची कसून खातरजमा करून घ्यावी, यात मला गैर काही दिसत नाही.

ब्रिटनने मोजलेली किंमत

या बाबतीत ब्रिटनचा इतिहास बोधप्रद आहे. 1902 साली त्या देशाने रेबीजचे उच्चाटन केले होते. परंतु पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर 1918 मध्ये रोग पुन्हा शिरला, आणि तो निपटून काढण्यास 1922 साल उजाडले. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यास सहा महिने क्वारंटाइनच्या पिंजऱ्यात ठेवण्याचा तिथला कडक शिरस्ता पुढे अनेक दशके चालू राहिला. सहा महिने म्हणजे विषाणूचा गुप्त प्रवास बहुतेक प्रकरणांत ज्या अवधीत पुरा होतो तो काळ.

परंतु केवळ काळावर विसंबणे पुरेसे नसते, हेही त्याच देशास अनुभवाने कळले. 1969 साली कॅम्बर्ली या गावी जर्मनीहून आणलेला एक कुत्रा सहा महिन्यांचे विलगीकरण रीतसर पुरे करून घरी आला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यास रेबीजची लक्षणे दिसू लागली. पिंजरा फक्त वाट पाहतो. तो जनावरास रोगापासून संरक्षण देत नाही. पुढे परिणामकारक लसी आणि त्यांचा गुण मोजण्याची विश्वसनीय रीत हाती आल्यावर, लस, रक्ताचा पुरावा आणि मुदत या तिहींची सांगड घालून पिंजऱ्यास पर्याय देता येईल हा विचार बळावला. 28 फेब्रुवारी 2000 रोजी ब्रिटनने प्रथम काही निवडक देशांपुरती अशी योजना सुरू केली. आणि 1 जानेवारी 2012 पासून भारतासारख्या देशांतून येणाऱ्या प्राण्यांसही, कागदपत्रे बिनचूक असल्यास, सहा महिन्यांच्या कैदेतून मुक्तता मिळाली. आज जी तीन महिन्यांची मुदत आपणास जाचक वाटते, ती जनावर आपल्या घरी, आपल्या माणसांत घालवते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आधी ओळख, मग लस

युरोपीय संघाने 2013 साली केलेल्या 576 क्रमांकाच्या विनियमाने या कागदपत्रांची चौकट घालून दिली. तिच्यातील पहिली पायरी म्हणजे जनावराची ओळख. मानेजवळ कातडीखाली सुमारे 12 मिलिमीटर लांबीची काचेची एक बारीक कुपी सुईने बसवतात. तिला विद्युतघट नसतो. बाहेरून वाचक-यंत्र जवळ धरले, की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून मिळालेल्या शक्तीवर ती चिप क्षणभर जागी होते आणि आपला पंधरा अंकी क्रमांक कळवते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हे संभाषण 134.2 किलोहर्ट्झ या कंपनसंख्येवर चालते. निराळ्या पद्धतीची चिप बसवली असेल, तर ती वाचू शकणारे यंत्र मालकाने स्वतःबरोबर नेले पाहिजे.

चिप ही लसीच्या आधी, निदान त्याच भेटीत लसीपूर्वी, बसवलेली आणि वाचलेली असली पाहिजे. आधी टोचलेली लस वैद्यकीयदृष्ट्या कितीही गुणकारी असो, ती नेमक्या याच जनावरास टोचली होती हे सिद्ध करणारा क्रमांक त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता. म्हणून दफ्तराच्या लेखी ती लस झालीच नाही. आपल्याकडे कुत्र्याच्या पिलाला लशी वेळेवर देतात, त्यांचे रंगीत कागद पुस्तिकेत चिकटवतात, आणि चिपचा विचार परदेशगमनाची वार्ता आल्यावर करतात. त्यामुळे चार-पाच वर्षांचे नियमित लसीकरण एका क्षणात निरुपयोगी ठरते आणि चिप बसवून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. सुरुवातीला सांगितलेल्या कुत्र्याचे चार महिने बहुधा इथेच खर्ची पडतात.

पहिली लस जनावर निदान 12 आठवड्यांचे झाल्यावरच ग्राह्य धरतात, कारण त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये पिलाच्या अंगात शिल्लक असतात आणि ती लसीचा प्रभाव मोडून काढतात. पहिली लस 21 दिवसांनी लागू समजली जाते. पुढची मात्रा मागच्या मात्रेची मुदत संपण्याच्या आत दिली, तर साखळी अखंड राहते. एका दिवसाचा जरी खंड पडला, तरी नवी मात्रा ही पुन्हा ‘पहिली’ ठरते, आणि तिच्यामागोमाग रक्ताची तपासणीही पुन्हा करावी लागते.

प्रयोगशाळेतील झुंज

लसीनंतर निदान 30 दिवसांनी पशुवैद्य रक्त काढतात, त्यातील द्रव वेगळा करून थंड वेष्टनात घालून युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेस पाठवतात. या तपासणीस पशुवैद्य आणि श्वानप्रेमी मंडळी ‘टायटर’ म्हणतात. तिची रीत मोठी सुबोध आहे. रक्तद्रव प्रथम 56 अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून त्यातील अन्य अडथळे निकामी करतात. मग 96 बारीक खळग्यांच्या तबकडीत तो पायरीपायरीने पातळ करत नेतात, आणि प्रत्येक खळग्यात रेबीजच्या विषाणूचे ठरावीक प्रमाण टाकतात. तासाभराने त्यात हॅमस्टर या लहान प्राण्याच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या जिवंत पेशी सोडतात. रक्तात प्रतिद्रव्ये पुरेशी असतील तर ती विषाणूस जखडून ठेवतात आणि पेशी वाचतात; अपुरी असतील तर विषाणू पेशींत शिरतो. दोन दिवसांनी, विषाणूस चिकटणारे एक चमकते रंगद्रव्य लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की जिथे विषाणूचा जय झाला तो खळगा हिरवा उजळतो, आणि जिथे प्रतिद्रव्यांचा जय झाला तो काळाच राहतो. किती पातळ केल्यावरही रक्ताने विषाणूस रोखले, यावरून त्याची ताकद काढतात. ती दर मिलिलिटरमागे निदान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक भरली पाहिजे.

एकाच मात्रेवर भिस्त ठेवलेल्या तरुण कुत्र्यांत हा आकडा अनेकदा गाठला जात नाही, याचे कारण पहिल्या मात्रेनंतर प्रतिद्रव्ये काही आठवडे वर चढतात आणि मग उतरणीस लागतात. दुसऱ्या मात्रेने ती अधिक उंच जातात आणि अधिक काळ टिकतात. म्हणून अनुभवी पशुवैद्य पुष्कळदा रक्त काढण्यापूर्वी दोन मात्रा देण्याचा सल्ला देतात. तो मानावा. तपासणी एकदा नापास झाली की नवी मात्रा, नवे रक्त आणि नवी मुदत हे सारे चक्र पुन्हा फिरते.

मग तीन महिने कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एखाद्या शेतकऱ्याने शेताभोवती भक्कम काटेरी कुंपण घातले, तर यापुढे बाहेरची गुरे आत शिरणार नाहीत एवढी हमी मिळते. परंतु कुंपण घालण्यापूर्वीच मातीत तणाचे बी पडून राहिले असेल, तर कुंपणाची मजबुती तपासून ते कळत नाही, ते उगवून येण्याची वाटच पाहावी लागते. रक्ताची परीक्षा ही कुंपणाची परीक्षा आहे. लस टोचण्याआधी त्या जनावरास पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा झाला असेल आणि विषाणू मज्जातंतूंत शिरून बसला असेल, तर नंतर दिलेली लस रक्तात भरपूर प्रतिद्रव्ये निर्माण करील, टायटरचा आकडा उत्तम येईल, आणि तरीही तंतूंच्या आत सुरक्षित असलेला विषाणू मेंदूकडे चाललेलाच असेल.

रक्त काढण्याचा दिवस हा संरक्षण सिद्ध झाल्याचा दिवस होय. त्यानंतर नवा संसर्ग होण्याची भीती उरत नाही असे मानण्यास आधार मिळतो. राहिला प्रश्न त्यापूर्वीच्या संसर्गाचा. आणि तो असेलच, तर तिथून तीन महिन्यांत तो बहुधा प्रकट होईल. मुदत लसीच्या तारखेपासून न मोजता रक्त काढल्याच्या तारखेपासून का मोजतात, याचे उत्तरही यातच आले.

ही अट सर्व देशांना सरसकट लागू नाही. संयुक्त अरब अमिराती, जपान, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इत्यादी देश युरोपीय संघाच्या यादीत आहेत, आणि तिथून थेट जाणाऱ्या जनावरास टायटर लागत नाही; म्हणून दुबईत राहणाऱ्या मराठी कुटुंबाचे मांजर काही आठवड्यांत जर्मनीस जाऊ शकते आणि पुण्याच्या मांजरास थांबावे लागते. भारत त्या यादीत नाही. गोव्याने कुत्र्यांच्या व्यापक लसीकरणाचे अत्यंत प्रशंसनीय काम केले आणि 2021 साली ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. परंतु ही यादी देशवार असल्यामुळे पणजीचा कुत्राही नियमाच्या दृष्टीने मुंबईच्या कुत्र्याच्याच रांगेत उभा राहतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे लसीकरण हा केवळ नगरपालिकेचा विषय आहे असे समजणाऱ्यांनी घरच्या पाळीव जनावरावर होणारा हा परिणाम अवश्य ध्यानात घ्यावा.

दहा दिवसांचा दाखला

मुदत सरली, की शेवटचा दस्तऐवज म्हणजे आरोग्य दाखला. आपल्या नेहमीच्या पशुवैद्यांनी जनावर तपासून प्रवासास योग्य असल्याचे लिहून दिले, तरी तेवढ्याने भागत नाही. परदेशास उत्तरदायी असलेल्या सरकारी अधिकाऱ्याची सही आणि शिक्का लागतो. भारतात हे काम केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन खात्याखालील पशु संगरोध व प्रमाणीकरण सेवेकडे आहे, आणि तिची ठाणी मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद येथे आहेत.

दाखल्याचा नमुना युरोपीय संघानेच ठरवलेला असून तो इंग्रजीत आणि ज्या देशात प्रथम उतरावयाचे त्या देशाच्या भाषेत असावा लागतो. त्यातील मुख्य तक्ता एकाच ओळीत वाचावयाचा असतो: चिपचा क्रमांक, ती बसवल्याची वा वाचल्याची तारीख, लसीची तारीख, लसीचे नाव व उत्पादक, तिचा बॅच क्रमांक, संरक्षण कधीपासून कधीपर्यंत, आणि अखेरीस रक्त काढल्याची तारीख. या ओळीतील प्रत्येक तारीख मागच्या तारखेशी जुळते की नाही, हे फ्रँकफुर्टच्या विमानतळावरील अधिकारी बोट ठेवून पाहतो. सही छापील मजकुराहून निराळ्या रंगाच्या शाईत हवी, म्हणजे मूळ प्रत आणि नक्कल यांत भेद कळतो. खाडाखोड झाली असेल तर तिच्यापाशी पुन्हा सही आणि शिक्का हवा. हा दाखला दिल्यापासून 10 दिवसांच्या आत संघाच्या हद्दीत पोहोचणे आवश्यक असते, कारण तो जनावराच्या त्या वेळच्या प्रकृतीची साक्ष देतो आणि जुनी साक्ष निरुपयोगी होय. कागदांत दोष आढळल्यास जनावर परत धाडणे, विलगीकरणात ठेवणे आणि अन्य उपाय उरला नाही तर त्यास मारून टाकणे, इतके अधिकार तिथल्या यंत्रणेस आहेत. यासाठीच मी क्रमांकाच्या एकेका अंकाचा आग्रह धरतो.

[चौकट] एका पिलाचे वेळापत्रक

1 जानेवारीस जन्मलेले पिलू 26 मार्चला 12 आठवड्यांचे होते; त्या दिवशी आधी चिप बसवून, क्रमांक वाचून, मग लस दिली. साधे वर्ष धरल्यास 30 दिवस 25 एप्रिलला भरतात. त्या दिवशी रक्त काढले आणि टायटर उत्तीर्ण झाले, तर तीन महिने 25 जुलैला पुरे होतात. 26 जुलैला जर्मनीत उतरावयाचे असेल, तर सरकारी दाखला 25 जुलैच्या आधीचा चालणार नाही. म्हणजे सर्व काही सुरळीत पार पडले, तरी भारतातले पिलू सुमारे सात महिन्यांचे होण्यापूर्वी युरोपीय संघात जाऊ शकत नाही.

इतर देशांचे दरवाजे

तत्त्व हेच, परंतु आकडे देशागणिक बदलतात. जपान रक्त काढल्यापासून 180 दिवस मोजते आणि निदान 40 दिवस आधी सूचना मागते. ब्रिटनमध्ये कुत्र्यास प्रवेशापूर्वी 24 ते 120 तासांच्या दरम्यान पट्टकृमीचे औषध पशुवैद्याच्या हातून दिल्याची नोंद लागते, आणि विमानाने नेल्यास जनावर मालवाहतुकीच्या वाटेनेच न्यावे लागते. अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून कुत्र्यांसाठी निदान सहा महिने वयाची आणि चिपची अट घातली असून, भारतासारख्या देशात लस घेतलेल्या कुत्र्यांना ठरावीक विमानतळांवरच उतरता येते. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट नेताच येत नाही. मध्ये दुसऱ्या मान्य देशात मुक्काम करावा लागतो. विमान कंपनीचे नियम याखेरीज. पेटीत जनावरास उभे राहता, वळता आणि पसरून झोपता आले पाहिजे, आणि गुंगीचे औषध देऊ नये, एवढे इथे पुरे. नियम बदलत असतात, म्हणून ज्या देशात जावयाचे त्याच्या पशुवैद्यकीय खात्याने त्या वर्षी जाहीर केलेला मजकूर स्वतः वाचावा. ओळखीच्या माणसाच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नये.

वेळ हाती नसेल तर

नोकरीचा हुकूम महिनाभरात रुजू होण्याचा असतो आणि जनावराची मुदत चार महिन्यांची, असा पेच अनेकांवर येतो. आणि अशा वेळी कोणी कुत्र्यास प्राणिगृहाच्या दारात, तर कोणी गल्लीच्या तोंडाशी सोडून निघून जातो. घरात वाढलेले जनावर रस्त्यावर तग धरत नाही. वास्तविक तसे करण्याची काहीच गरज नसते. चिप, लस आणि रक्त एवढ्या तीन गोष्टी निघण्यापूर्वी उरकून घ्याव्यात, आणि मुदत सरेपर्यंत जनावर आजी-आजोबांकडे अथवा विश्वासू स्नेह्याकडे ठेवावे. नंतर त्यास न्यावयाचे, तर मालकाचा स्वतःचा प्रवास आणि जनावराचा प्रवास यांत पाच दिवसांहून अधिक अंतर पडू नये असा युरोपीय नियम आहे, कारण व्यापारासाठी आणलेली जनावरे पाळीव म्हणून खपवली जाऊ नयेत. तेव्हा घरच्या एकाने सुटीत येऊन त्यास सोबत घेऊन जाण्याची तजवीज आधीच करून ठेवावी. तसेच युरोपात राहून भारतात जनावरासह सुटीवर येणाऱ्यांनी टायटर तिथेच, निघण्यापूर्वी करून जनावराच्या युरोपीय पारपत्रात नोंदवून घ्यावे आणि लसीत खंड पडू देऊ नये. तसे केल्यास परतताना तीन महिन्यांची अट त्यांना लागत नाही. ज्यांच्या घरी परदेशाचा नुसता विषय निघाला असेल, त्यांनी याच आठवड्यात पशुवैद्यांकडे जाऊन चिप बसवून घ्यावी आणि तिचा क्रमांक लसीच्या पुस्तिकेत आपल्या देखत लिहवून घ्यावा.